टाइपस्क्रिप्टमध्ये नेस्टेड टाइपमधल्या सगळ्या 'डेट'च्या जागी 'स्ट्रिंग' कसं आणायचं?

तुमचा 'ऑर्डर' टाइप नेस्टेड आहे, म्हणजे टाइपच्या आत टाइप: त्यात ग्राहक आहे, ग्राहकात पत्ता, शिवाय वस्तूंचा अ‍ॅरे, आणि जागोजागी डेट. जेसनमधून, म्हणजे डेटा पाठवायच्या मजकूररूपातून, येताना त्या सगळ्या स्ट्रिंग होऊन येतात. तो स्ट्रिंगवाला दुसरा टाइप हाताने न लिहिता ऑर्डरवरूनच काढायचा आहे, असं मला तुमच्या प्रश्नातून कळलं.

स्वतःलाच पुन्हा वापरणारा एक जेनेरिक टाइप, म्हणजे दुसरा टाइप पॅरामीटर म्हणून घेणारा टाइप, लिहा. नाव 'जेसनरूप' धरू, पॅरामीटर 'टी'. आधी विचारा: टी डेट आहे का? असेल तर स्ट्रिंग. नसेल तर, ऑब्जेक्ट आहे का? असेल तर मॅप्ड टाइपने (एका टाइपच्या प्रत्येक फील्डवरून नवा टाइप बनवणारी रचना) एकेक की, म्हणजे फील्डचं नाव, घ्या आणि तिच्या टाइपवर पुन्हा जेसनरूप लावा. तेही नसेल तर टी जसाच्या तसा. हा क्रम बदलू नका. डेटसुद्धा ऑब्जेक्टच, त्यामुळे ऑब्जेक्टची अट आधी आली तर कंपायलर डेटच्या मेथड्स उलगडत बसतो.

अ‍ॅरेसाठी वेगळी अट लागत नाही. टाइपस्क्रिप्टच्या आवृत्ती 3.1 पासून असा मॅप्ड टाइप अ‍ॅरे आणि टुपलच्या (ठरावीक लांबीचा अ‍ॅरे) आतल्या घटकांवरच लागतो. ऐच्छिक फील्डचं प्रश्नचिन्ह आणि रीडओन्लीही टिकून राहतं.

आता जिथे मी स्वतः दोन दिवस घालवले ते सांगतो. बिलांच्या एका प्रोजेक्टमध्ये मी अट मॅप्ड टाइपच्या आत, थेट फील्डच्या टाइपवर लिहिली होती. 'रद्द केल्याची तारीख' हे फील्ड होतं 'डेट किंवा नल'. असा 'हा किंवा तो' टाइप म्हणजे युनियन. तो अख्खा डेटमध्ये बसत नाही, ऑब्जेक्टमध्येही नाही, म्हणून तो न बदलताच बाहेर पडला. कंपायलरची काहीच तक्रार नाही. टेस्टिंगच्या एकाही बिलात ती तारीख भरलेली नव्हती. पहिलं रद्द झालेलं बिल उघडलं आणि 'गेट-टाइम हे फंक्शन नाही' म्हणून पान कोसळलं. 'पत्ता किंवा नल' असतं तर पत्त्याच्या आतही कंपायलर शिरला नसता.

म्हणून अट जेनेरिकच्या स्वतःच्या उघड्या पॅरामीटरवरच लिहा. तिथे कंडिशनल टाइप, म्हणजे अटीवर ठरणारा टाइप, युनियनमधल्या प्रत्येक सदस्याला वेगवेगळा तपासतो: डेटचं स्ट्रिंग होतं, नल नलच राहतो. वर सांगितलेल्या मांडणीत हे आपोआप होतं. टी चौकटी कंसात गुंडाळलात तर मात्र ही वाटणी थांबते. लिहून झालं की नल असलेल्या एका फील्डचा टाइप एडिटरमध्ये तपासून बघाच.

एक लक्षात असू द्या, हे सगळं फक्त टाइपपुरतं आहे. कोड चालताना टाइप उरतच नाहीत, त्यामुळे स्ट्रिंगची पुन्हा डेट करायला खरं फंक्शन लिहावं लागेल. आणि उलटा टाइप असा काढता येणार नाही, कारण ग्राहकाचं नावही स्ट्रिंग आणि तारीखही स्ट्रिंगच. म्हणून मूळ टाइप डेटवालाच ठेवा आणि त्यावरून जेसनरूप काढा.