ठेव मोडून अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

आपला ६० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर व्यवस्थित चालू आहे. तरीही विक्रेत्याच्या दालनात ऐकलेल्या १२० वॅटच्या उच्च श्रेणीच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज आपल्याला अधिक मोकळा वाटला. त्यासाठी चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी मुदत ठेव मोडावी की विक्रेत्याने देऊ केलेले विनाव्याज हप्ते स्वीकारावेत, असा आपला प्रश्न आहे. हा फरक खरा असल्याची खात्री होईपर्यंत यांपैकी काहीही करू नये, असे माझे मत आहे.

दालनात ऐकलेल्या फरकावर विसंबता येत नाही, कारण दोन अ‍ॅम्प्लिफायरांपैकी एकाचा आवाज अर्ध्या डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) जरी मोठा असला, तरी कानाला तो मोठा न वाटता अधिक स्पष्ट आणि अधिक भरीव वाटतो, आणि किंमत आधीच ठाऊक असेल तर ही समजूत आणखी पक्की होते. अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने १९८७ मध्ये स्वस्त आणि अतिशय महाग अशा अ‍ॅम्प्लिफायरांची ब्लाइंड टेस्ट, म्हणजे कोणता चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता केलेली चाचणी, घेतली, तेव्हा ऐकणाऱ्यांना, त्यांत फरक ऐकू येतोच असे मानणारेही होते, निव्वळ अंदाजाने साधले असते त्याहून विशेष काही ओळखता आले नाही.

सगळेच अ‍ॅम्प्लिफायर सारखे, असा याचा अर्थ मात्र नाही. व्हॅक्यूम ट्यूबच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्या वापरणाऱ्या, अनेक अ‍ॅम्प्लिफायरांचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेर जाणाऱ्या विद्युतप्रवाहाला होणारा त्यांचा अंतर्गत विरोध, जास्त असतो. स्पीकरचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार बदलत असल्यामुळे तेथे स्वरांचा समतोलच बदलतो, आणि तो फरक सहज ऐकू येऊ शकतो. क्षमतेपलीकडे ताणलेला अ‍ॅम्प्लिफायर क्लिप होऊ लागतो, म्हणजे ध्वनिलहरींची शिखरे कापली जाऊन आवाज फाटतो, तेव्हाही फरक कळतो. आपले स्पीकर ८ ओहमचे (ओहम हे इम्पिडन्सचे एकक), म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर फार ताण न आणणारे असून आपण मध्यम आवाजात ऐकता, म्हणून यांपैकी काही आपल्याला लागू होईल असे वाटत नाही. दुप्पट वॅटने जेमतेम ३ डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. आकड्यांची ही जाहिरात फसवीच म्हणावी लागेल!

तेव्हा नवा अ‍ॅम्प्लिफायर परत करण्याच्या अटीवर घरी आणता येतो का, ते विचारावे. स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज मीटरने मोजून दोन्हींचा आवाज साधारण एक टक्क्याच्या आत जुळवावा आणि कोणता चालू आहे हे आपल्याला दिसणार नाही अशा रीतीने दुसऱ्याला जोडण्या बदलायला सांगावे. १६ पैकी १२ वेळा आपण बरोबर ओळखले, तर फरक आहे असे मानायला मी तयार आहे. केवळ नशिबाने इतके जमण्याची शक्यता शंभरात सुमारे चार आहे.

आता पैशांविषयी. आपण ज्या ठेवीचा उल्लेख करता, तीच आपली अडीअडचणीची गंगाजळी आहे, असे आपल्याच पत्रावरून दिसते. ती मुदतीपूर्वी मोडल्यास व्याज कमी मिळेल, हा लहान तोटा झाला. त्यानंतर नोकरीत खंड पडला तर महागडे कर्ज काढावे लागेल, हा मोठा. विनाव्याज हप्त्यांबाबत एवढेच विचारावे की रोख रक्कम एकदम दिल्यास किती सूट मिळेल आणि प्रक्रिया शुल्क किती आहे, कारण बहुधा याच दोन आकड्यांत व्याज दडलेले असते. शिवाय अ‍ॅम्प्लिफायर ही गुंतवणूक नव्हे. छंदावर खर्च करू नये असे मी म्हणत नाही. मात्र त्यासाठी दरमहा वेगळी रक्कम बाजूला ठेवावी, आणि तिचा पहिला वापर स्पीकर व खोलीतील प्रतिध्वनी आटोक्यात आणण्यासाठी करावा, कारण ध्वनीत सर्वाधिक फरक तेथे पडतो.

चाचणीत आपण उत्तीर्ण झालात आणि या वेगळ्या रकमेतून खरेदी केलीत, तर परतीची मुदत संपेपर्यंत जुना अ‍ॅम्प्लिफायर विकू नये.