चार स्टिक आहेत, दोन किटच्या. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर पास होते, म्हणजे रॅमचा प्रॉब्लेम नसावा, तरी एक्सएमपी (रॅम बॉक्सवरच्या जास्त स्पीडला चालवणारं तयार प्रोफाइल) चालू केलं की गेम क्रॅश होतो. रॅम बदलावी का?

लगेच बदलू नका. एक्सएमपी बंद करा आणि त्याच स्टिक जेडेकच्या (रॅमचं स्टँडर्ड ठरवणारी संस्था) मूळ स्पीडला दोन दिवस चालवा. तिथेही एरर आला तर एकेक स्टिक वेगळी लावून खराब कोणती ते शोधा आणि वॉरंटीत द्या. नाही आला तर स्टिक ठीक आहेत, घोळ सेटिंगमध्ये आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे संपलं. पण "मेमटेस्ट पास आहे म्हणजे रॅमचा प्रॉब्लेम नसावा" असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. या एका वाक्यापायी माझे दोन महिने गेलेत.

माझं मशीन इंटेलचं, डीडीआर४-३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक. माझा मावसभाऊ माझ्याहून मोठा, आणि कॉम्प्युटरमधलं सगळं दादालाच कळतं असा आमच्याकडे समज. मीही तेच धरून चाललो होतो. एका संध्याकाळी बसून त्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, रॅमचं टायमिंग घट्ट केलं, बेंचमार्कचा आकडा वाढवून दाखवला, रात्री मेमटेस्ट लावली. सकाळी स्क्रीनवर भलंमोठं हिरवं 'पास'. दादा खूश होऊन गेला.

आठवड्याभरात गेम बंद पडायला लागला. कधी गुपचूप डेस्कटॉपवर, कधी निळा पडदा. आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', परवा तिसरंच काहीतरी. (ड्रायव्हर बिघडला असेल तर तो बहुधा एकाच नावाने रडतो. रोज नवा कोड दिसला की मेमरीवर संशय घ्यायचा, हे मला फार उशिरा कळलं.) दादाला फोन केला तर म्हणाला, "अरे, मेमटेस्ट पास आहे ना? मग रॅम नाही. विंडोज टाक परत." टाकली. तीनदा टाकली. तिसऱ्या वेळी इन्स्टॉल होता होताच फाइल करप्ट म्हणून अडकली, तर म्हणे पेनड्राइव्ह खराब असेल.

पितळ उघडं पडलं ते फोटोंमुळे. जुन्या डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर घेतले आणि जुनी डिस्क फॉरमॅट केली. नंतर एक फोटो उघडला तर वरचा अर्धा भाग स्वच्छ, आणि एका आडव्या रेघेपासून खाली सगळं जांभळट, चार बोटं उजवीकडे सरकलेलं. असे अकरा निघाले. कॉपी होताना एकही एरर आला नव्हता. फाइल मेमरीतून जाताना कुठेतरी एखादा बिट उलटला आणि डिस्कने जे हातात पडलं ते इमानदारीत लिहून घेतलं. निळा पडदा त्यापेक्षा बरा, तो निदान ओरडतो तरी.

त्या दिवशी गेम क्रॅश झाल्या झाल्या बाजूचं पॅनेल काढलं आणि स्टिकच्या पत्र्याला बोट लावलं. दोन सेकंदांच्या वर ठेववेना. मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून चालते तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवांत पडलेलं असतं. गेममध्ये तेच कार्ड तापून सगळी गरम हवा वर रॅमवर फेकतं. मग विंडोजमध्येच चालणारी टेस्टमेम५ ही रॅमची टेस्ट लावली आणि सोबत ग्राफिक्सवर पूर्ण लोड टाकला. तेविसाव्या मिनिटाला पहिला एरर.

बायोसमध्ये एकेक आकडा बघत गेलो तर टी-रेफी, म्हणजे रॅमच्या दोन रिफ्रेशमधलं अंतर, ६५५३५ क्लॉक. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा चार्ज, आणि तो सतत गळत असतो. म्हणून प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर दर ७.८ मायक्रोसेकंदाला रिफ्रेशची, म्हणजे चार्ज परत भरायची, आज्ञा सोडतो. ३२०० ला त्याचे १२,४८० क्लॉक होतात. दादाने ते जवळपास सव्वापाच पट लांबवलं होतं, कारण रिफ्रेश कमी झाला की रॅमला कामाला जास्त वेळ मिळतो आणि बेंचमार्क खूश होतो. थंड चिपमध्ये चार्ज तेवढा टिकतोही. तापली की गळती वाढते. ८५ अंशांपुढे रिफ्रेश दुप्पट करा असं स्टँडर्डच सांगतं, ते उगाच नाही. टी-रेफी ऑटोवर टाकलं, तोच लोड तीन तास दिला, एकही एरर नाही.

तेव्हा तुमची टेस्ट तापलेल्या मशीनवर घ्या, पॅनेल लावून. तुमच्या चार स्टिक दोन वेगळ्या किटच्या आहेत असं दिसतंय. लेबल सारखं असलं तरी आतल्या चिप सारख्या असतीलच असं नाही, आणि चार स्टिकचा भार कंट्रोलरवर वेगळाच पडतो. दोन काढा, उरलेल्या दोन प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावून बघा, बहुतेक बोर्डांवर तीच जागा असते.

आणि एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे. "बॉक्सवर ३६०० लिहिलंय, मग ते कंपनीचंच स्पीड" असं दादा आजही म्हणतो. डीडीआर४ चं स्टँडर्ड ३२०० आणि १.२ व्होल्टवर संपतं. त्यापुढचं प्रोफाइल स्टिकवाल्याने लिहिलेलं असतं, तुमच्या प्रोसेसरमधल्या कंट्रोलरने त्याला होकार दिलेला नसतो.

तुमचं मशीन डीडीआर४ चं रायझन असेल तर टी-रेफीची कथा सोडून द्या, तिथे ते सहसा आपल्या हातात नसतं. रॅम ३६०० ला असताना फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग एकमेकांना जोडणारी आतली वाट) १८०० मेगाहर्ट्झला नीट टिकतंय का ते बघा. डीडीआर५ असेल तर "त्यात ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करायची सोय) असतंच" यावर विसंबू नका. ते चिपच्या आतल्या चुका दुरुस्त करतं, चिप ते प्रोसेसर या वाटेवर त्याचा उपयोग नाही. आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, पण टेस्ट करताना महत्त्वाच्या डेटाची डिस्क काढून ठेवा.

दादाच्या स्वतःच्या मशीनवर टी-रेफी अजून ६५५३५ च आहे. परवा त्याची एक झिप उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याची खूण) आला, तर म्हणाला डाउनलोडच गंडलं असेल.