मार्कचं शुभवर्तमान मार्कनंच लिहिलं का?

प्रश्न : शेजारच्या बाईंबरोबर फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, गेले होते, तिथं मार्कच्या शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या चरित्रातून, वाचलं. ते खरंच मार्कनं लिहिलंय हे कशावरून म्हणतात? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, प्रश्न खूप आवडला. मूळ मजकुरात लेखक स्वतःचं नाव कुठंच सांगत नाही, 'मार्कप्रमाणे' हे मथळे मागाहून लागले असं बहुतेक अभ्यासक मानतात. मार्कचं लिखाण ते इ.स. 70 च्या आसपासचं धरतात आणि मत्तय, मार्क, लूक, योहान ही शुभवर्तमानांची चारही नावं एकत्र घेऊन बोलणारा इरेनियस बिशप येतो थेट 180 च्या सुमाराला, म्हणजे मध्ये शंभरेक वर्षं गेली बघा.

येशूचा प्रेषित पॉल यानं ठिकठिकाणच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेली पत्रं त्याहून जुनी आणि मला तीच जास्त जिवंत वाटतात. रोमकरांच्या पत्रात तर्तिय नावाचा लेखनिक मध्येच स्वतःचा नमस्कार घालतो! म्हणजे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. कलस्सैकरांच्या पत्रात तर सांगितलंय की हे वाचून झालं की जवळच्या लावदिकीया शहरात वाचायला द्या आणि तिकडचं तुम्ही वाचा. हातानं नकला करत असंच सगळं फिरलं.

आपल्या गोव्यातलंच बघा ना, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (येशूच्या जीवनावरचं मराठी काव्य) 1616 साली राशोलला रोमन लिपीत छापलं, पण त्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही, आपण वाचतो ते लोकांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळेच.