इंगळी म्हणजे विंचवाची मादी का?

प्रश्न असा आहे: ‘इंगळी’ स्त्रीलिंगी, म्हणजे ती विंचवाची मादी का? आणि दिसलेल्या विंचवाची नोंद करताना मोठ्या काळ्या विंचवाला इंगळी म्हटलं तर चालेल का?

मादी नव्हे. पाल, घूस, मुंगी यांच्यासारखंच हे व्याकरणातलं लिंग. इंगळ्यांत नरही असतात. इंगळी म्हणजे मोठा, जहाल विंचू. इंगळ म्हणजे निखारा, त्यामुळे नावातच आग आहे. पण आकार आणि जहालपणा यांची ही जोडी प्रत्यक्षात फसवी ठरते. बोटभर लांबीचे काळे विंचू दिसायला भयंकर असले, तरी त्यांचं विष तुलनेनं सौम्य असतं. जिवावर बेततं ते मुख्यतः त्यांच्याहून लहान असलेल्या लाल विंचवाचं. म्हणून बोलताना इंगळी खुशाल म्हणा, नोंदीत जातीचं नाव म्हणून नको.

खरा घोळ ‘नांगी’ या शब्दानं होतो. विंचवाची नांगी शेपटीच्या टोकाला, खेकड्याच्या नांग्या मात्र पुढे! कुणी ‘जाड नांगीचा विंचू’ लिहिलं, तर जाड काय, शेपटी की पुढचे चिमटे? यावरच ओळख उलटते. चिमटे बारीक आणि शेपटी जाड, तर तो लाल विंचवाच्या कुळातला असण्याची शक्यता मोठी, सावध राहा. चिमटे फुगीर आणि शेपटी त्या मानानं बारीक, तर बहुधा मोठा काळा. तेव्हा पुढच्यांना चिमटेच म्हणावं, शेपटीला पाच पेरं, आणि नांगी म्हणजे फक्त टोकाची काटेदार विषाची कुपी.

रंगावर भिस्त ठेवू नका. लाल विंचू पिवळट ते गडद तपकिरी कसाही असतो, आणि नुकती कात टाकलेला कुठलाही विंचू फिकट दिसतो. फोटो वरून आणि बाजूनं काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. पोटाकडून मिळाला तर उत्तमच: पायांच्या मधली छातीची तबकडी लाल विंचवाच्या कुळात त्रिकोणी, काळ्यांत पंचकोनी असते. तिच्यामागच्या दोन कंगव्यांचे, म्हणजे कंगव्यासारख्या अवयवांचे, दातही मोजता येतात. नर-मादी ओळखायलाही हे कंगवेच उपयोगी. नराचे दात सहसा लांब. पण हे पाहायला जिवंत विंचू हातानं उलटा करू नये.

लाल विंचवाचं शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. जुन्या वैद्यकीय लेखांत तोच मेसोब्युथस टॅम्युलस म्हणून भेटतो. काळ्यांची गंमत वेगळी: पूर्वी सरसकट हेटेरोमेट्रस म्हणत, 2020 मध्ये त्या प्रजातीची (म्हणजे अनेक जातींच्या गटाची) फोड झाली आणि आपल्याकडचे अनेक डेक्कनोमेट्रसमध्ये गेले. फोटोवरून जात ठरत नसेल, तर ‘मोठा काळा विंचू, जात अनिश्चित’ एवढंच लिहावं आणि कंसात स्थानिक नाव: इंगळी.