विजनवास नव्हे, परागंदा!

प्रश्न असा आलाय: अमेरिकेत इंग्रजी राज्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या गदर पक्षाचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे इतकी वर्षं मेक्सिकोत राहिले, त्या काळाला ‘विजनवास’ म्हणावं की ‘हद्दपारी’?

दोन्ही नको. त्यांच्या जयंतीच्या प्रत्येक भाषणात हा ‘विजनवास’ ऐकून कान किटले. विजन म्हणजे जिथे माणूस नाही ती जागा. खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भरल्या पंगतीत पाव मोडून वाटणारा माणूस रंगवलाय, तो चेहरा खानखोज्यांचा. याला विजन म्हणायचं?

हद्दपार सरकार करतं, हुकूम काढून. वर्ध्याचा हा तरुण विशी-बाविशीत स्वतःहून जपानमार्गे अमेरिकेला गेला. पुढे इंग्रजांनी परतीची वाट बंद केली. हा माणूस परागंदा झाला.

आता या शब्दाकडे या. ‘परा म्हणजे दूर, गत म्हणजे गेलेला, त्याचं परागंदा’ ही फोड काही जाणकार अजून छातीठोकपणे सांगतात. साफ चूक आहे. त्या ‘गंदा’तला अनुस्वार आणि ‘दा’ कुठून आला, याचं उत्तर त्यांनी द्यावं. शब्द सरळ फारसी आहे, अर्थ ‘विखुरलेला’. लढाईत फुटून चहूकडे पांगलेलं सैन्य परागंदा, थाऱ्यावर नसलेलं मनही परागंदा. मराठी कागदपत्रांत ‘रयत परागंदा जाहली’ येतं, तिथे हा मूळ अर्थ जिवंत आहे: वसुलीच्या आणि स्वाऱ्यांच्या जाचाने एकेक घर वेगळ्या दिशेला गेलेलं. नंतर ‘पांगणं’ मागे पडलं आणि ‘पळून जाणं’ उरलं. माझ्या मते हे ‘परा’मुळेच झालं. परावृत्त, पराङ्मुख ऐकणाऱ्या मराठी कानाला त्यात ‘दूर’ ऐकू येऊ लागलं. म्हणजे ती चुकीची फोड व्युत्पत्ती म्हणून खोटी, पण अर्थ वळवण्याचं काम तिने केलंच असणार.

व्याकरणही बघा. कुणाला हद्दपार ‘करतात’, देशोधडीला ‘लावतात’. परागंदा मात्र माणूस स्वतः ‘होतो’. खानखोज्यांना हाच शब्द शोभतो.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. पहिल्या महायुद्धात खानखोजे इराणात इंग्रजांविरुद्ध लढत होते, या शब्दाच्या माहेरी. तिथल्या भाषेत बी पेरण्यालाही हेच क्रियापद वापरतात: तुख्म परागंदन, बी विखुरणं. हा परागंदा माणूस पुढे मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करत राहिला, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढत राहिला. स्वातंत्र्यानंतर परतला आणि १९६७ साली नागपुरात वारला.