रात्री कोण उठतं?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, चहा तसाच ठेवलास आणि वहीचं पान माझ्यापुढे उलगडलंस. आजीला कुठे ठेवायचं त्याचा हिशोब: डावीकडे 'घर', उजवीकडे 'केंद्र', म्हणजे शुश्रूषा केंद्र, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. नववीत तुला मीच सांगितलं होतं, उदाहरण सोडवायच्या आधी काय दिलंय आणि काय काढायचंय ते लिही. तेवढंच विसरलीस. आजीची औषधं, डायपर, फिजिओथेरपी, रुग्ण सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोचे दर, काकांचं म्हणणं, आत्याचं म्हणणं, सगळं त्या पानावर आहे. तुझ्या आईचं नाव कुठेच नाही.

आजीनं तुला वाढवलं, तिचं करायला हवं, हे आपल्या दोघांनाही मान्य आहे. त्यावर शाई घालवत नाही. मी एकच विचारतो. रात्री कोण उठतं?

तू रडत रडत तुकड्यांनी सांगितलंस ते मी नंतर जोडून बघितलं. आजी 84 वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण पाऊल काही परत पडलं नाही. आधीचा विसरभोळेपणा आता डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून कागदावर लिहून दिलाय. सकाळी आठ ते रात्री आठ ब्युरोच्या मावशी. रात्री आठ ते सकाळी आठ तुझी आई, वय एकोणसाठ, साखर आहे, दोन्ही गुडघे गेलेले. तू हिंजवडीत, शनिवार-रविवार साताऱ्यात. आणि "आमच्या घराण्यात कुणी आश्रमात गेलेलं नाही" म्हणणारे काका दिवाळीला दोन रात्री येतात आणि बाहेरच्या खोलीत दार लावून झोपतात.

ज्याची झोप मोडते त्याचं मत पहिलं. बाकीच्यांनी जितक्या रात्री काढल्या तितकंच त्यांच्या मताचं वजन. साधं त्रैराशिक आहे, काकांना दोन रात्रींइतकं देऊन टाक.

हे मला कुणी शिकवलं नाही. उशिरा कळलं, तेही बघून.

माझी आई पक्षाघातानं साडेचार वर्षं अंथरुणावर होती. (मी आधी चार लिहिलं होतं. ही चष्मा लावून मागे उभी आहे.) मी काय करायचो? शाळेत जायच्या आधी आईजवळ बसून तिला पेपर वाचून दाखवायचो. औषधं आणायचो. डॉक्टरांशी मीच बोलायचो. रात्री ही उठायची. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात, असं नर्सबाईंनी हिला एकदा सांगितलं. ते हिनं साडेचार वर्षं पाळलं. आईच्या अंगावर एक जखम झाली नाही. पुढे एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मला श्रावणबाळ म्हणालं आणि मी विनयानं मान खाली घातली. श्रावणानं कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. मी ती बायकोच्या खांद्यावर दिली आणि पुढे चालत राहिलो. आज हिला खाली मांडी घालून बसता येत नाही, कंबरेचा मणका गेलाय.

त्याहून टोचतं ते वेगळंच. आईचं बोलणं समजत होतं तेव्हा ती एकदा म्हणाली, "मला कुठंतरी ठेव रे. ही पोर वाळली." मला तो टोमणा वाटला. "असं बोलायचं नाही," म्हणून मी विषय मिटवला. जुनी मास्तरकी, उत्तर नको असलं की प्रश्नच चुकीचा ठरवायचा.

आता तू म्हणशील, मग ठेवायचं होतं. तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेणारी बरी जागा मला जवळपास सापडली नाही. शिवाय मी संध्याकाळी शिकवण्या घेत होतो, दोन मुलं शिकत होती, पैसा कुठून येणार होता? हे मी हिला कितीतरी वेळा सांगितलंय. ती नाही म्हणत नाही. ती काहीच म्हणत नाही.

असो. तुझ्या कागदावर येतो. ब्युरोचा दर बारा तासांचे 800 रुपये लिहिलायस. म्हणजे महिन्याचे 24,000, आणि तेच 'घर' खाली मांडलंस. केंद्राचे 35,000, डायपर-औषधं वेगळी. म्हणून घर स्वस्त. अगं, दोन पाळ्या धर. 48,000 होतात. उरलेले 24,000 तुझ्या पानावर आलेच नाहीत, कारण रात्रपाळी तू फुकट धरलीस. ती फुकट नाही, ती तुझी आई आहे. इतकी हुशार मुलगी आणि इतकी ढोबळ चूक! "चोवीस तासांची बाई ठेवू" म्हणालीस, तर तीही माणूसच आहे, दिवसभर उचलाउचल करून ती रात्री झोपणारच. मग पुन्हा कोण उठणार?

सरकारी कार्डाचंही सांगतो, कारण आत्या त्याच्यावर विसंबून दिसतात. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीपासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड काढच. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं आहे. रोज भरवणं, पुसणं, कूस बदलणं यासाठी त्यात पैसा नाही.

आणि काका पुन्हा घराण्यावर आले तर त्यांना 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा वाचायला दे. त्यात आईवडील आणि आजीआजोबांना सांभाळायची जबाबदारी ज्या 'अपत्यां'वर टाकली आहे ती कोण, तर मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या यादीत नाही. 2019 साली ती घालायचा प्रस्ताव आला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे काका आहेत, आत्या आहेत, तूही आहेस, फक्त रोज रात्री उठणारी तेवढी नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ताडकन उठून हिला दाखवायला गेलो होतो. ती म्हणाली, "बरं." आणि कुकर लावला. त्याच कायद्यात म्हाताऱ्या माणसाला कायमचं टाकून द्यायच्या इराद्यानं कुठेतरी सोडून येणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगली जागा बघून ठेवणं आणि दर आठवड्याला तिथे जाऊन बसणं म्हणजे टाकून देणं नव्हे. आत्यांना हा फरक समजावून सांग, कारण "टाकणार का आईला" हा शब्द त्यांनीच घरात आणलाय.

मी केंद्राची वकिली करतोय असं समजू नकोस. तिथेही माझा प्रश्न तोच आहे. रात्री कोण उठतं? नुसता वृद्धाश्रम असेल तर बहुतेक ठिकाणी चालतीफिरती माणसंच घेतात, त्यामुळे अंथरुणावरचं घेता का हे आधी फोनवरच विचार. मग जायचं ते सकाळी अकराला नाही, तेव्हा सगळीकडे फिनेल मारलेलं असतं. संध्याकाळी साडेसात-आठला, न कळवता जा. स्मृतिभ्रंशाची माणसं तिन्हीसांजेला जास्त बिथरतात, घरी जायचं म्हणून उठतात, कपडे ओढतात. त्या वेळी तिथली माणसं काय करतात ते बघ. हात पलंगाला बांधत असतील तर तिथूनच परत फीर. रात्रपाळीला किती माणसं आणि ती किती रुग्णांना, आकडा विचार. मोघम "भरपूर स्टाफ आहे" ऐकून घेऊ नकोस. परवानगी घेऊन एखाद्या अंथरुणावरच्या आजींच्या टाचा बघ, नखं बघ, पाण्याचा ग्लास हाताला येईल असा ठेवलाय का बघ. रात्री बिघडलं तर कुठल्या रुग्णालयात नेणार आणि मधेच माणूस गेलं किंवा परत नेलं तर अनामत मिळते का, हे लेखी घे. डायनिंग हॉल आणि बागेचे फोटो मला पाठवू नकोस.

नोकरी सोडते म्हणालीस, त्याचा मला राग आला होता. तेव्हा मी बोललो नाही, कारण तुझे डोळे सुजलेले होते. आता बोलतो. वेडी आहेस का? तू सोडलीस तर उठणारं माणूस बदलेल, बाकी तुझ्या पानावरचा आकडासुद्धा हलणार नाही. काका रात्रपाळीच्या बाईचे 24,000 देत असतील, किंवा तुम्ही तिघं महिन्यातल्या रात्री खरोखर वाटून घेत असाल, म्हणजे तारखा घालून, तर आजीला घरीच ठेव. मला आनंद होईल. नाही तर नाही.

आणि आजीला विचार. सकाळी चहानंतर ती बऱ्यापैकी भानावर असते असं तूच म्हणालीस. एका वेळी एकच गोष्ट विचार, आणि जे म्हणेल ते लिहून ठेव. तिरकं वाटलं तरी लिहून ठेव. मी लिहून ठेवलं नाही.

आईलाही विचार, पण आजीच्या खोलीत नको. ती "माझं काय, मी करते" म्हणेल. तेवढ्यावर उठू नकोस.

शनिवारी रात्री आम्ही तुमच्याकडे येतो. आईला सांग, आत जाऊन दार लावून झोप. मी हिला म्हटलं, मी एकटाच जातो. तर म्हणाली, "तुम्हाला चादर धरून कूस तरी वळवता येते का?" येत नाही. म्हणून काल दुपारी आमच्या पलंगावर ती स्वतः आडवी झाली आणि मला शिकवलं, गुडघा कुठे दुमडायचा, उशी पाठीला कुठे टेकवायची. दुसऱ्या खेपेला जमलं. बायकांचं सगळं ती बघेल, पण उठवायचं मी.

गजर माझ्या फोनमध्ये लावलाय. अकरा, एक, तीन, पाच.

तुझे
सर