नळाला पाना लावण्याआधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह पाहून या

नमस्कार. आपण लिहिले आहे की बाथरूममधला जुना पितळी नळ घट्ट बंद केला तरी थेंब थेंब गळतो, प्लंबरने वायसर बदलल्यावर तीन आठवड्यांत गळती पुन्हा सुरू झाली आणि आता तो अख्खा नळच बदलायला सांगतो आहे. घरात पाणी बंद करायचा कॉक सापडत नाही, तरीही रविवारी स्वतः नळ खोलून पाहायचा आपला विचार आहे. शेवटचे वाक्य वाचून मला राहवले नाही, कारण २०१६च्या मे महिन्यात पुण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत मी नेमक्या याच अवस्थेत पाना हातात घेतला होता. मी व्यवसायाने प्लंबर नाही. घरचे नळ दुरुस्त करताना जे कळले तेवढेच सांगतो. आपली पाइपलाइन मी पाहिलेली नाही, हे लक्षात ठेवून वाचावे.

प्लंबरचे म्हणणे खरे असू शकते, पण ते तपासून घ्या. नळाच्या आत वायसर ज्या गोल पितळी कडेवर टेकतो, तिला सीट म्हणतात. वायसर झिजला की आपण जास्त जोराने पिळून नळ बंद करतो, मध्ये वाळूचा कण सापडतो, आणि बारीक फटीतून सतत झिरपणारे पाणी हळूहळू त्या कडेत खाच पाडते. मग कितीही चांगला वायसर घाला, ती खाच त्याला काही आठवड्यांत कापते. स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा नळातला दांडा, काढल्यावर आत टॉर्च मारा आणि करंगळीचे टोक कडेवरून गोल फिरवून पाहा. माझ्या नळात एका जागी नख अडकत होते. तसे असेल तर नवा नळ घेणेच स्वस्त पडते. नुसता क्षारांचा पांढरा थर असेल, आणि बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर तो हमखास असतो, तर जुना टूथब्रश व्हिनेगरमध्ये बुडवून घासल्यावर बहुधा काम भागते.

आता माझी चूक. वायसर बदलण्यासाठी नळाचा फक्त वरचा भाग, म्हणजे स्पिंडलचा नट, सोडवायचा असतो. नळ भिंतीतून काढायचा नसतो. मी एकच पाइप पाना घेतला, नट हलेना म्हणून पूर्ण ताकद लावली आणि नळाचा खालचा भाग दुसऱ्या पान्याने धरून ठेवला नाही. नट जागचा हलला नाही, सगळा नळच फिरला आणि भिंतीत गंजलेला जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) निपल, म्हणजे नळ आणि पाइप जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा, आतल्या आत तुटला. नळ हातात आला आणि भिंतीतल्या भोकातून पाण्याची धार थेट समोरच्या दारावर आदळू लागली. तुटलेला तुकडा आतच राहिल्यामुळे भोक बंद करणारा डमी प्लग बसवायला आटे शिल्लक नव्हते. पत्नीने लाटण्याच्या निमुळत्या टोकाला ओला पंचा गुंडाळून दिला, तो मी भोकात दाबून धरला, आणि पुढचे पावणेदोन तास आम्ही आळीपाळीने तसेच उभे राहिलो.

पावणेदोन तास लागले ते सोसायटीच्या कार्यालयामुळे. जुन्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून एकच उभी लाइन सगळ्या मजल्यांवरच्या बाथरूमना पाणी देते आणि तिचा व्हॉल्व्ह गच्चीवर असतो. आमच्या गच्चीला कुलूप होते. कार्यालयातल्या गृहस्थांनी माझ्या मुलाला सांगितले की पाणी बंद करायचे तर आदल्या दिवशी लेखी अर्ज हवा आणि किल्ली पदाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय मिळणार नाही. भिंतीतून पाणी वाहत असताना दहा वर्षांच्या मुलाला अर्ज आणायला परत पाठवले, याचा संताप मला आजही येतो. नियम असावेत, पण पाणी, वीज आणि गॅस यांच्या किल्ल्या अडचणीच्या वेळी तत्काळ हाती लागल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. शेवटी किल्ली मिळाली तर गच्चीवरचा तो गेट व्हॉल्व्ह इतका जाम झाला होता की पूर्ण बंद होईना. खालच्या घराच्या छतावर ओल आली ती वेगळीच. चार फरशा फोडून तुकडा काढणे, नवा एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) आणि खालच्यांचा रंग मिळून ६,४०० रुपये गेले. वायसर पाच रुपयांचा होता.

म्हणून रविवारची घाई करू नका. शनिवारी कार्यालयात जाऊन आपल्या बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह कोणता हे विचारा, वरच्या-खालच्या घरांना कल्पना द्या आणि व्हॉल्व्ह एकदा प्रत्यक्ष बंद करून नळाचे पाणी थांबते का ते पाहा. ते पूर्ण थांबत नसेल तर पाना उचलूच नका. नळ गरम पाण्याचा असेल तर गिझरचे बटण आणि त्याच्या इनलेटचा कॉक आधी बंद करा.

नळ खोलताना एक पाना खालच्या भागावर आणि दुसरा नटावर, दोन्ही विरुद्ध दिशेने. मध्ये कापड ठेवा. नट हलत नसेल तर व्हिनेगरने भिजवलेली चिंधी तासभर गुंडाळून ठेवा. तरीही हलला नाही आणि पाइप जीआयचा असेल, तर अनुभवी प्लंबर बोलवा. त्या कामाचे पैसे वाचवण्यासारखे नाहीत. दुकानात जाताना जुना स्पिंडल सोबत न्या, कारण आटे आणि दाते कंपनीगणिक वेगळे असतात. आपल्याकडे प्लंबर येणारच असेल तर त्याच दिवशी बाथरूमच्या लाइनवर घरातूनच पाणी बंद करता येईल असा स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह बसवता येईल का, हेही त्याला विचारा. मी तो बसवून घेतल्यापासून कुणाकडे किल्ली मागावी लागलेली नाही. नळ परत जोडून झाल्यावर पाणी हळूहळू सोडा, नळाखाली कोरडा कागद पसरा आणि तासाभराने त्यावर डाग पडला आहे का ते पाहा.